कुंकू लागलेला कीबोर्ड

माझी माय दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचायची. मजुरी किलोवर, म्हणजे दिवसभर वाकून जे जमलं ते संध्याकाळी काट्यावर ठरायचं. तिगावकडच्या शेतांत तेव्हा बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगलेला असायचा, गोल तोंडाचा, सुईवाला. बाया ओळीनं उभ्या राहायच्या, गाठोडं हुकाला लावायच्या, मालक आकडा बोलायचा आणि बाया तो मान्य करायच्या. माझी माय हुकाला हात लावायच्या आधी म्हणायची, "पयले रिकामा काटा दाखवा, जी."

मालकाला हे लागायचं. सोबतच्या बाया तिला कोपरानं ढोसायच्या, कारण मालक बिघडला तर उद्याचं बोलावणं बंद. दोन शेतांवरून तिला याच कारणानं काढलं. तिसऱ्या शेतात सुई खरोखरच शून्याच्या अलीकडे उभी होती, चांगली अर्धा किलो अलीकडे, आणि तिनं ती सगळ्या बायांना दाखवली. तिथूनही तिला काढलं.

बाबा संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामावर होते. बहार संपला की घरी. माय आणि मी एकच चपलेचा जोड वापरायचो. मी तो घालून पांढुर्ण्याला कॉलेजात जायचे आणि माय शेतात अनवाणी. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, काटे असतात, हे मला माहीत होतं. चप्पल घालताना मी तिच्याकडे पाहायचे नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लपवत नाही, कोणी विचारलं नाही तरी सांगते. पदवी घेतली, मग सौसरला जाऊन वर्षभर कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि पांढुर्ण्याबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कॉम्प्युटर सांभाळायच्या कामाला लागले. मॅनेजर साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सध्या कच्ची नेमणूक आहे, काम पाहू, दिवाळीनंतर पक्कं करायचं की नाही ते ठरवू. माय म्हणाली, लिहून घेतलं का? मी म्हटलं, असं कोणी लिहून देत नाही. तिचं समाधान झालं नव्हतं. माझंही नव्हतं.

जिनिंगमध्ये शेतकऱ्याची गाडी आली की आधी फाटकाजवळच्या मोठ्या काट्यावर चढते. भरल्या गाडीचं वजन होतं, कापूस उतरतो, मग रिकाम्या गाडीचं वजन होतं. दोन्ही आकडे काट्याच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून ऑफिसातल्या एका मोठ्या मशीनमध्ये जातात आणि पावती निघते. ते मोठं मशीन म्हणजे आमचा सर्व्हर. त्याच्यावर विंडोज नाही, लिनक्स होतं, तेही नुसतं अक्षरांचं. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं: आधी नाव विचारतं, मग पासवर्ड विचारतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. आपण काय टाइप केलं ते आपल्यालाही दिसत नाही.

हे मशीन सौसरच्या एका मेकॅनिकनं बसवलेलं होतं. माझ्या आधी तोच पाहायचा. जाताना त्यानं जुना पासवर्ड एका चिठोऱ्यावर लिहून दिला आणि मॅनेजर साहेबांना माझ्यासमोर म्हणाला, "अडलं तं फोन करा, साहेब. हे काही शाळेतलं कॉम्प्युटर नाही." मी त्याच दिवशी पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड एका कागदावर लिहून लखोट्यात घातला, लखोटा चिकटवला, जोडावर आडवी सही केली आणि साहेबांच्या कपाटात ठेवायला दिला. माझ्या डोक्यात एक आणि कपाटात एक, तिसरीकडे कुठेच नाही.

काट्यावर काकाजी होते. वयानं मोठे, तीस वर्षं त्याच काट्यावर. कॉम्प्युटर यायच्या आधी ते हातानं पावत्या फाडायचे, आणि त्या पावतीवरचं त्यांचं अक्षर सगळा इलाका ओळखायचा. आता मशीन पावती काढायचं आणि काकाजी ती नुसती फाडून द्यायचे. मला ते मॅडम म्हणायचे. त्या शब्दावर किंचित जोर असायचा, म्हणून मीही त्यांच्याशी जपूनच वागायचे. मला वाटायचं, हा माणूस माझ्या चुकीची वाट पाहून राहिला आहे.

दसऱ्याला मी सुट्टी घेतली होती. दसरा म्हणजे आमच्याकडे दीक्षाभूमीवर जायचा दिवस. मायला घेऊन नागपूरला गेले. सुट्टीचा अर्ज देताना साहेब म्हणाले होते की त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, सगळे असतात. मी म्हटलं, मी दरवर्षी जाते. ते हो म्हणाले. पण अर्जावर सही करायच्या आधी त्यांचं पेन थोडा वेळ थांबलं होतं, ते मी पाहिलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त. सकाळी पोचले तर फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागलेले, काट्याला झेंडूचा हार, नारळ फुटलेला. आणि पावती निघत नव्हती. केबिनमधल्या कॉम्प्युटरला सर्व्हर सापडत नव्हता, ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरला सापडत नव्हता. मी सर्व्हरजवळ गेले. त्याच्या कपाळावर हळदीकुंकू, कीबोर्डच्या मधोमध कुंकवाचा एक मोठा टिळा, पडद्याला हार. मशीन चालू होतं आणि नाव विचारत होतं.

मी नाव टाइप केलं. ते बरोबर दिसलं. पासवर्ड टाइप केला. चुकीचा, असं आलं.

पुन्हा केला. चुकीचा.

मोठ्या अक्षरांचं बटन दाबलेलं आहे का पाहिलं. नव्हतं. आकड्यांचा दिवा पाहिला. कुंकू बटनांच्या फटीत गेलं असेल असं वाटलं, म्हणून ऑफिसातला दुसरा कीबोर्ड काढून आणला, लावला आणि एकेक अक्षर मोजून टाइप केलं. चुकीचा. तोपर्यंत मॅनेजर साहेब मागे येऊन उभे राहिले होते. ते माझ्या बोटांकडे पाहत होते.

मग त्यांनी विचारलं की पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे. मी म्हटलं, मला, आणि तुमच्या कपाटातल्या लखोट्याला. ते म्हणाले, "म्हणजे तुम्हालाच." मी त्यांच्याकडे पाहिलं. मला त्या बोलण्यातलं सगळं ऐकू आलं. कच्ची नेमणूक, दिवाळी जवळ, मशीनची किल्ली एकाच पोरीकडे, ती पूजेला नव्हती, आणि मुहूर्ताच्या सकाळी मशीन तिच्याशिवाय उघडत नाही. पक्कं करून घ्यायला असा डाव कोणीही टाकू शकतं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. म्हणून मला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली.

तेवढ्यात काकाजी केबिनमधून आले. त्यांच्या हातात जुनं पावतीपुस्तक होतं, धूळ पुसलेलं.

"मी काय म्हनतो साहेब," ते म्हणाले, "मशीन आजारी हाय तं हाय. पयले जशी हातानं फाडत होतो तशी फाडून देऊ का पावती?"

साहेब नाही म्हणाले. मशीनच्या पावतीला क्रमांक असतो, मधे हाताची पावती घातली की वर्षभर निस्तरत बसावं लागेल. पण मला दुसराच प्रश्न पडला. आज सकाळीच यांना ते पुस्तक सापडलं कसं? धूळ कधी पुसली? मी विचारलं की काल मशीनला कोणी हात लावला होता. काकाजी लगेच म्हणाले, मी. त्यांनीच मशीन बंद केलं होतं. सगळी यंत्रं दसऱ्याला बंद करतात, त्यांना आराम देतात, पुसतात, कुंकू लावतात. जिनिंगची मोठी यंत्रं बंद होती तर हे एकटंच का चालू ठेवायचं? मागच्या वर्षी सौसरच्या मेकॅनिकनं मना केलं होतं म्हणून राहिलं. यंदा मना करायला कोणी नव्हतं. म्हणून बंद केलं, वायरी काढून मागची जाळी पुसली, आज सकाळी वायरी लावून चालू केलं.

मी आल्यापासून ते मशीन एकदाही बंद झालं नव्हतं. मी माझ्या टेबलावरूनच तारेतून त्याच्यात जायचे आणि काम करायचे. त्याच्यासमोर बसून पासवर्ड टाइप करायची वेळ पासवर्ड बदलल्या दिवसानंतर आलीच नव्हती.

साहेबांनी सौसरला फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, तासाभरात निघतो, गाडीनं येतो. पासवर्ड गेला असेल तर सगळं पुसून नवीन टाकू, मागच्या हंगामाची वजनं राहतील न राहतील, सांगता येत नाही. साहेबांनी हे मला शब्दाला शब्द सांगितलं आणि म्हणाले, "तोपर्यंत तुमच्याकडून होत असेल तर पाहा." तोपर्यंत, या शब्दाचा अर्थ मला कळला. मेकॅनिक फाटकातून आत आला की माझी नोकरी फाटकातून बाहेर.

मी लखोटा मागितला. माझ्या आठवणीवर माझाच भरोसा उरला नव्हता. साहेबांनी कपाट उघडलं. लखोटा त्यांनी माझ्या हातात दिला आणि आम्हा दोघांनाही एकदमच दिसलं: त्याच्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, बरोबर जोडावर, माझ्या सहीवर. कागद ओला होऊन सुरकुतला होता. सहीची शाई पसरली होती. जोड एका कोपऱ्यात सुटलेला होता.

लखोट्याला हात लागला होता. हात कुंकवाचा होता. कुंकू लावणारा माणूस समोर पावतीपुस्तक घेऊन उभा होता.

मी कागद काढून वाचला. पासवर्ड तोच होता, जो माझ्या डोक्यात होता. म्हणजे कागद बदललेला नव्हता, पण वाचलेला असू शकतो. वाचून मशीनमध्ये जाऊन दुसराच घातलेला असू शकतो. एवढी हिंमत एकट्याची नाही, मागे सौसरचा असेल. त्याला हे काम परत पाहिजे आहे, यांना पावतीपुस्तक परत पाहिजे आहे. दहा मिनिटांत मी सगळं जोडून टाकलं. आज लिहिताना ते हास्यास्पद वाटतं. तेव्हा एकही टाका सैल वाटत नव्हता.

मी साहेबांसमोरच विचारलं, "काकाजी, हा लखोटा तुम्ही उघडला?"

"उघडीन कायले?" ते म्हणाले. "मले काय करायचं त्याच्यात?"

"मग हे कुंकू कोणाचं?"

"माह्यंच. मशीनची किल्ली हाय ना ते? साहेबच म्हनले होते, मशीनची किल्ली कपाटात हाय. मंग. साऱ्या किल्ल्यांले लावलं, गोडाउनच्या, फाटकाच्या. त्यालेबी लावलं. हे पुस्तकबी कालच पुसून पूजेत ठेवलं."

साहेबांनी कपाटाच्या आतला खिळा दाखवला. तिथे टांगलेल्या एकूणएक किल्लीवर लाल ठिपका होता. मी तरीही काकाजींकडे पाहतच राहिले. ठिपके खरे असतील, पण ठिपक्यांनी माणूस निर्दोष होत नाही, असं माझ्या मनात होतं. काकाजींना ते कळलं असावं. त्यांनी पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदाच मॅडम न म्हणता बोलले.

"हे पाह्य पोरी. मी तीस साल काट्यावर हावो. कोनी म्हनलं वजन खोटं हाय, तं मी पयले गाडीवाल्यावर शक घेत नाई. गाडी खाली उतरवतो आन् रिकामा काटा दाखवतो. तुह्या मशीनचा रिकामा काटा कुठं हाय, ते सांग. मंग माह्यावर शक घे."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. बाभळीखाली ऐकलं होतं. मी मशीनसमोर जाऊन बसले.

पासवर्ड दिसत नाही. पण त्याच्या आधी नाव विचारतात, तिथे टाइप केलेलं दिसतं. तिथे नावच टाइप करायला पाहिजे असं काही नाही. काहीही टाइप करा, पाहा आणि पुसून टाका. मशीन काय समजून घेतं ते तिथे दिसेल, गाडी न चढवता. मी काकाजींना शेजारी खुर्ची दिली, जुना कुंकवाचा कीबोर्डच परत लावला आणि सांगितलं की तुम्ही बटनावर काय छापलं आहे ते बोला, मी दाबते आणि पडद्यावर काय येतं ते बोलते. काकाजी चष्मा पुसून बसले. रोजचंच काम होतं त्यांचं, एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ताडायचं.

आधी सगळी अक्षरं घेतली. बरोबर. आकडे घेतले. बरोबर. मग शिफ्टचं बटन दाबून आकड्यांवरची चिन्हं घेतली.

"एकवर उभी काठी, खाली टिकली," काकाजी म्हणाले.

तेच आलं.

"दोनवर जिलेबी."

पडद्यावर जिलेबी आली नाही. दोन छोट्या उभ्या रेघा आल्या, वाक्य कोणी बोललं की आपण लावतो तशा.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा दोन रेघा. माझ्या पासवर्डच्या मधोमध ती जिलेबी होती, म्हणजे @. सकाळपासून मी जिलेबी देत होते आणि मशीन रेघा घेत होतं, आणि दिसत नसल्यामुळे दोघांनाही आपण बरोबर आहोत असं वाटत होतं.

"तीनवर खाट," काकाजी म्हणाले. ते # ला खाट म्हणत होते, विणलेली.

पडद्यावर खाट नव्हती. तिथे £ आलं होतं. पाऊंडाचं चिन्ह. विलायतेतल्या पैशाचं. ते कीबोर्डवर कुठेच छापलेलं नव्हतं आणि पांढुर्ण्यात कोणाला कधी लागलंही नसेल. कुलूप कोणी लावलं ते मला त्या क्षणी कळलं. पण मी बोलले नाही. आधी जिलेबी शोधली. ती एंटरच्या शेजारच्या बटनावर जाऊन बसली होती. मी नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप करताना जिलेबीच्या जागी शिफ्ट धरून ते शेजारचं बटन दाबलं आणि मशीन उघडलं.

साहेबांनी सुस्कारा टाकला. काकाजी म्हणाले, "चला."

आत गेल्यावर पुढचं पाच मिनिटांचं होतं. तार दुसऱ्या छिद्रात खोवलेली होती. मशीनच्या मागे तारेसाठी दोन छिद्रं होती, दोन्ही सारखी, आणि त्यातलं एकच कामाचं. पुसताना काढलेली तार काकाजींनी शेजारच्या छिद्रात लावली होती, म्हणून कोणालाच मशीन सापडत नव्हतं. तार बदलली, केबिनमधून हाक आली की दिसून राहिलं. पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढायच्या आधी काकाजींनी रोजच्यासारखं शून्य दाखवलं आणि पहिली पावती निघाली.

पण त्याच्या आधी ऑफिसात एक गोष्ट झाली. साहेबांनी जिनिंगच्या मालकांना फोन लावला. मालक सौसरला राहतात. साहेब सांगत होते की काकाजींनी मशीन बंद केलं, तार चुकीची लावली, कीबोर्डवर ओला फडका मारला, त्यानं बटनांचं बिघडलं. मॅडमनी शोधून काढलं. आता काकाजींचं वय झालं, उद्यापासून त्यांना फाटकावर बसवू, केबिनमध्ये नको. काकाजी दारातच उभे होते. पावतीपुस्तक उचलून त्यांनी काखेत घेतलं.

माझ्यासमोर पडदा होता. कीबोर्डची नोंद जिथे असते ती फाइल मी उघडून ठेवली होती. तिच्यात कीबोर्ड ब्रिटिश असं लिहिलेलं होतं आणि ती शेवटची कधी बदलली त्याची तारीख होती. जूनची तारीख. जूनमध्ये पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. मला तारखेची गरजही नव्हती. £ पाहिलं तेव्हाच आठवलं होतं. नवीन होते, मशीन नीट लावून घ्यायचा उत्साह होता. घड्याळ भारताचं केलं, भाषा पाहिली, आणि मग मशीननं विचारलं, कीबोर्ड कोणता, अमेरिकन की ब्रिटिश. शाळेत सरांनी सांगितलं होतं की आपली इंग्रजी ब्रिटिश आहे, अमेरिकन स्पेलिंग लिहिलं तर गुण कापीन. पहिल्या पिढीचं शिक्षण असं असतं, जे सांगितलं ते आपण छातीला लावून ठेवतो. मी ब्रिटिश निवडलं, अभिमानानं निवडलं. आपल्याकडे बाजारात मिळणारे सगळे कीबोर्ड अमेरिकन नमुन्याचे असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी पाहिलंही नव्हतं. मी माझ्या टेबलावरून काम करत होते, त्यामुळे तिथे काहीच बदललं नाही. मशीनच्या स्वतःच्या पडद्यावर तो बदल पुढच्या वेळी मशीन बंद होऊन चालू झाल्यावर लागू होणार होता. ती वेळ दसऱ्यानं आणली.

मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. साहेबांना फाइल वाचता येत नाही. सौसरचा वाचू शकला असता, पण तो यायच्या आत बदलायला एक मिनिट लागलं असतं. आणि काकाजींच्या हातून तार चुकली होती हे तर खरंच होतं. मी हे सगळं मनात मांडलं. किती वेळ मांडत बसले सांगत नाही. साहेब फोनवर पुढचं बोलायला लागले तेव्हा मी उठले आणि म्हटलं, "साहेब, तार काकाजींची चुकली. पासवर्डचं माझ्यामुळे झालं. फडक्याचा काही संबंध नाही."

साहेबांनी फोन छातीला धरला. "म्हणजे?"

मी सांगितलं. जून, ब्रिटिश, सगळं. साहेब म्हणाले की लिहून द्या. मी लिहून दिलं, सही केली. त्या कागदाकडे पाहताना मला वाटलं, मायनं लिहून घे म्हटलं होतं, आणि मी लिहून देते आहे.

मेकॅनिक आला तोपर्यंत सहा गाड्या उतरल्या होत्या. त्यानं पडद्यावर डोकावून पाहिलं, फाइल अजून तशीच होती, मी मुद्दाम ठेवली होती. तो हसला. "इंग्रज जाऊन किती साल झाले, मॅडम, तुमच्याइथं अजून हायेतच काय?" मी हसले नाही. त्याच्यासमोरच कीबोर्ड अमेरिकन केला. तो म्हणाला, झालं. मी म्हटलं, नाही झालं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, काट्यावर गाडी नसताना, मशीन बंद करून परत चालू केलं, नाव विचारायच्या जागी आकड्यांवरची सगळी चिन्हं एका ओळीत टाइप केली आणि काकाजींना बोलावून ताडून घेतली. काठी, जिलेबी, खाट. सगळं जिथल्या तिथे. मग पुसून टाकलं. दोन छिद्रांपैकी एकावर मी चिकटपट्टी लावली. काकाजींनी त्या पट्टीवर कुंकू लावू का असं विचारलं. ते गमतीनं विचारत होते की खरंच, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकाजी केबिनमध्येच राहिले. मला ते परत मॅडम म्हणायला लागले. जोर थोडा कमी झाला असं मला वाटतं, पण माझा स्वभाव पाहता मी त्याची खात्री देत नाही.

संध्याकाळी घरी गेले आणि मायला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "त्या म्हाताऱ्यावर तूनं उगाच शक घेतला?" मी म्हटलं, हो. "त्याले म्हनलं का तसं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मंग उद्या म्हन." दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं. काकाजी म्हणाले, गाडी उभी हाय, मागं सरका. मी मागे सरकले. त्यांनी शून्य दाखवलं, गाडी चढवली.

दिवाळी गेली. आठ दिवस कोणी काही बोललं नाही. मी धरून चालले होते की तो लिहून दिलेला कागद मालकांपर्यंत गेला असेल आणि आता नवीन माणूस शोधत असतील. सौसरचा दोनदा ऑफिसात येऊन गेला, काय कामानं ते कळलं नाही. मग एका सोमवारी साहेबांनी एक पत्र दिलं. ते का दिलं, कोणत्या गोष्टीमुळे दिलं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पत्र दोनदा वाचलं, मागची बाजू पाहिली, तारीख पाहिली, शिक्का पाहिला. घरी नेलं तेव्हा मायनंही ते उजेडाला धरून पाहिलं. वाचता येत नाही, तरी पाहिलं.

पत्र खरं होतं. माझी नेमणूक पक्की झाली. आमच्या घरातली ती पहिली पक्की नोकरी, आणि ती आजही माझ्याकडे आहे.